वाचकांचे प्रश्न: पोटातले जीवाणू आणि अन्नाची ॲलर्जी

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. आतड्यातल्या जीवाणूंचा अन्नाच्या ॲलर्जीशी काय संबंध, आणि तो कळल्यावर घरात नेमकं काय करायचं? ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतली आठ इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं वगळली आहेत. औषधांची मात्रा जिथे दिली आहे, तिथे ती आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेऊनच वापरायची.

घोडबंदर रोड, ठाणे: मुलगी सिझेरियनने झाली. दुसऱ्याच आठवड्यात तिला अँटिबायोटिक द्यावं लागलं. "पोटातले चांगले जीवाणू गेले, आता हिला ॲलर्जी होणार," असं नातेवाईक म्हणतात. बाळाची शी तपासून जीवाणूंचा अहवाल देणारी एक चाचणी आम्हाला सुचवली गेली आहे. ती करावी का? प्रोबायोटिकचे, म्हणजे जिवंत जीवाणूंचे, थेंब सुरू करावेत का?

चाचणी करू नका. सिझेरियनबद्दल स्वतःला दोषही लावून घेऊ नका. आधी जीवाणू काय करतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

अन्नातलं प्रथिन शरीराच्या दृष्टीने परकंच असतं. तरी रोजच्या जेवणावर शरीर तुटून पडत नाही, कारण आतड्याच्या अस्तरात टी-रेग नावाच्या पेशी असतात आणि त्या प्रतिकारशक्तीला आवरून धरतात. या पेशी कमी पडल्या तर शरीर दुधाच्या, अंड्याच्या किंवा शेंगदाण्याच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवू लागतं. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की या पेशी हिस्टामिन सोडतात आणि मग अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलट्या होतात, दम लागतो.

टी-रेग पेशी घडवण्यात जीवाणूंचा हात आहे. क्लोस्ट्रिडिया या गटातले अनेक जीवाणू आपल्याला न पचणारा चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. या आम्लामुळे मोठ्या आतड्यात टी-रेग पेशी वाढतात, हे २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. (धनुर्वाताचा जीवाणूही याच मोठ्या कुळातला, पण आतड्यात राहणारी ही मंडळी निराळी.) शिकागो विद्यापीठात कॅथरिन नॅग्लर यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की उंदरांच्या आतड्यात क्लोस्ट्रिडिया असले तर अस्तर अधिक मजबूत राहतं आणि शेंगदाण्याचं प्रथिन रक्तात कमी उतरतं. याच गटाने २०१९ मध्ये निरोगी बाळांच्या आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांच्या शीतले जीवाणू वेगवेगळ्या जंतुविरहित उंदरांत सोडले. निरोगी बाळांचे जीवाणू मिळालेले उंदीर दुधाच्या ॲलर्जीच्या झटक्यापासून बचावले, दुसरे बचावले नाहीत. त्यात ॲनारोस्टाइप्स कॅकी हा एक जीवाणू विशेष उपयोगी ठरला.

इथपर्यंतचं चित्र पक्कं आहे, पण ते उंदरांतलं आहे. माणसाच्या बाळात गणित इतकं सरळ नाही. सिझेरियनच्या बाळांत सुरुवातीला बॅक्टेरॉइडिस गटाचे जीवाणू कमी असतात हे खरं. हा फरक पुढच्या काही महिन्यांत बराच पुसट होतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये 'हेल्थनट्स' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात एक वर्षाच्या बाळांना डॉक्टरांसमोर पदार्थ खाऊ घालून ॲलर्जी तपासली होती. सिझेरियनच्या बाळांत अन्नाची ॲलर्जी १२.७ टक्के निघाली आणि नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांत १३.२ टक्के, म्हणजे फरक नाहीच. पहिल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांत अन्नाची ॲलर्जी थोडी जास्त दिसते, पण ती वाढ लहान आहे. जंतुसंसर्गासाठी गरजेचं म्हणून दिलेलं औषध योग्यच होतं. टाळायचं आहे ते साध्या विषाणूजन्य सर्दीतापासाठी मागून घेतलेलं अँटिबायोटिक.

शीच्या चाचणीचा अहवाल रंगीत तक्त्यांचा असतो आणि उपचाराच्या दृष्टीने रिकामा. बाळाच्या आतड्यातलं जीवाणूंचं प्रमाण दूध बदललं, दात आले, जुलाब झाले, वरचं अन्न सुरू झालं की बदलतं. अमुक वयाला अमुक प्रमाण म्हणजे ॲलर्जी नाही, अशी मान्य पट्टी आजमितीला नाही. मग अहवाल काहीही आला तरी डॉक्टर त्यावरून काय बदलणार?

प्रोबायोटिकच्या थेंबांचंही तसंच. ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात अन्नाची ॲलर्जी टाळण्यासाठी प्रोबायोटिक द्या असंही म्हटलेलं नाही आणि देऊ नका असंही नाही, कारण पुरावा अपुरा आहे. आपल्याकडे जुलाबात सर्रास मिळणारे बॅसिलस क्लॉसायचे थेंब त्या कामासाठी आहेत. एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक थेंबही नको. अशा बाळांत हे जिवंत जीवाणू रक्तात शिरून गंभीर आजार झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये इशारा दिला आहे.

तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे अंगावरचं दूध. त्यात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सर्वांत जास्त घन पदार्थ असतो तो काही खास शर्करांचा. बाळाला त्या पचत नाहीत, त्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंचं अन्न आहेत. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला जीवाणू वाढवण्यासाठी वेगळी बाटली लागत नाही.

नेरूळ: मोठ्या मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. धाकटा साडेपाच महिन्यांचा आहे, गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत इसब आहे. शेंगदाणा आणि अंडं वर्षभर देऊच नका, असं सासूबाई सांगतात. जीवाणू तयार झाल्यावर द्यायचं का?

पूर्वी डॉक्टरही हेच सांगत, त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं आपल्या जागी बरोबर होतं. आता ते बदललंय, आणि बदललंय ते पुराव्यावर. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला 'लीप' हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही बाळं ४ ते ११ महिन्यांची होती आणि त्यांना तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही होतं. निम्म्यांनी शेंगदाणा नियमित खाल्ला, निम्म्यांनी टाळला. त्वचेच्या चाचणीत सुरुवातीला शेंगदाण्याची प्रतिक्रिया नसलेल्या बाळांत पाच वर्षांच्या वयाला टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. अंड्याबाबत जपानमधल्या २०१७ च्या अभ्यासात इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या मात्रेत दिली. वर्षाच्या वयाला त्यांच्यात ॲलर्जी ८ टक्के होती, न दिलेल्यांत ३८ टक्के.

जीवाणू "तयार होईपर्यंत" थांबायची कल्पना उलटी आहे. वरचं अन्न सुरू झालं की दुधावर जगणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियांच्या जोडीला चोथा आंबवणारे जीवाणू येतात. त्यांना बोलावतो तो वरण-भात, नाचणी, भाज्या, फळं यांतला चोथा. अन्नाशिवाय हे जीवाणू येत नाहीत, आणि प्रथिन समोर आल्याशिवाय टी-रेग पेशी त्याची ओळख करून घेत नाहीत.

तुमच्या बाळाच्या बाबतीत मात्र एक पायरी आधी आहे. इसब सौम्य असेल, म्हणजे मलमाने आटोक्यात राहत असेल, तर सहाव्या महिन्याच्या आसपास घरीच सुरुवात करता येते. इसब तीव्र असेल, रात्री झोप मोडत असेल किंवा स्टेरॉइड मलम वारंवार लावावं लागत असेल, तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांकडून शेंगदाण्याची त्वचा-चाचणी किंवा रक्तातलं आयजीई तपासून घ्या.

घरी देताना आपलं नेहमीचं कूट चालणार नाही. ते कणीदार असतं आणि बाळाच्या घशात अडकू शकतं. दाणे मंद आचेवर भाजा, सालं काढा, तेल सुटून गुळगुळीत होईपर्यंत मिक्सरमध्ये वाटा. मीठ-साखर नको. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून टाका. आपल्याकडच्या दमट हवेत दाण्यांवर बुरशी लवकर येते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही. या वाटणाचे २ छोटे चमचे २-३ चमचे गरम पाण्यात कालवून निवू द्या. ८ ग्रॅम दाण्यांत सुमारे २ ग्रॅम प्रथिन असतं, आणि हे दोन चमचे जवळपास तेवढेच होतात.

पहिल्यांदा देताना बाळ तंदुरुस्त असावं, सर्दी-ताप किंवा जुलाब नसावेत. वेळ सकाळची, दवाखाने उघडे असतानाची. चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच चाटवा आणि १० मिनिटं थांबा. काही झालं नाही तर उरलेलं हळूहळू भरवा आणि पुढचे दोन तास बाळाजवळ राहा. तोंडाभोवती नुसती लाली आली तर ती बऱ्याचदा स्पर्शाची असते. अंगभर पित्त, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी, खोकला, आवाज बसणं किंवा बाळ एकदम मलूल होणं ही खरी प्रतिक्रिया.

मानवलं तर आठवड्यातून तीन वेळा देत राहा, म्हणजे आठवड्याला सुमारे ६ ग्रॅम प्रथिन. एकदा चाटवून सोडून दिलं, अशी चूक सगळ्यात जास्त होते. अधूनमधून देणं म्हणजे पोटातून ओळख तुटणं, आणि घरात सगळे दाणे खात असल्याने त्वचेवाटे मात्र संपर्क चालूच राहणं. अंडं पूर्ण कडक उकडून, पाव चमच्यापासून, वेगळ्या दिवशी सुरू करा. घर शाकाहारी असेल तर अंड्याची सक्ती नाही. अख्खे किंवा अर्धे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत.

इसबाबद्दल आणखी एक, आणि हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. भेगाळलेल्या त्वचेतून अन्नाचं प्रथिन आत गेलं तर शरीर त्याला शत्रू मानायला शिकतं. पोटातून गेलं तर सोसायला शिकतं. शेंगदाणा तेल असलेली मलमं बाळाच्या अंगाला लावणं आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा संबंध ब्रिटनमधल्या अभ्यासात २००३ मध्येच दिसला होता. म्हणून इसब असलेल्या बाळाला डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ घालू नका. हरभऱ्याचं आणि दुधाचं प्रथिन आपण थेट सोललेल्या कातडीवर चोळत असतो. बदामाच्या किंवा तिळाच्या कच्च्या तेलाने मालिशही नको. कोमट पाण्याने ५-१० मिनिटांची आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम न घाबरता पुरेसे दिवस. बाळाला हात लावण्याआधी दाण्याचे, अंड्याचे हात साबणाने धुवा.

खारघर: तीन महिन्यांचं बाळ दूध ओकतं. ॲसिडिटीचं सिरप दोन महिने चालू आहे. त्याचा ॲलर्जीशी संबंध असतो का?

असू शकतो. जठरातलं आम्ल दोन कामं करतं. प्रथिनाचे तुकडे पाडतं आणि तोंडावाटे आलेल्या जीवाणूंना गाळतं. ते दाबलं की प्रथिन जास्त अखंड राहून पुढे सरकतं आणि आतड्यातली जीवाणूंची वस्तीही बदलते. अमेरिकेत सुमारे ७ लाख ९० हजार मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत आम्ल कमी करणारी औषधं मिळालेल्या मुलांत अन्नाच्या ॲलर्जीचं निदान इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. हे नोंदींवरचं गणित आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम असं ठाम म्हणता येत नाही. ज्या बाळांना मुळातच दुधाची ॲलर्जी होती त्यांनाच ओकतात म्हणून ही औषधं जास्त दिली गेली असतील. पण बाळ ओकूनही हसत असेल, वजन वाढत असेल, तर त्याला औषधाची गरजच नसते. पाजल्यावर २० मिनिटं उभं धरा, थोडं थोडं पाजा. सिरप स्वतःहून बंद न करता, ते नेमकं कशासाठी आणि किती दिवस, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. शीत रक्त, इसब किंवा वजन न वाढणं यांपैकी काही सोबत असेल तर दुधाच्या ॲलर्जीचा विचार करायला सांगा.

ऐरोली: नातवाला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली आहे, वय १४ महिने. घरी विरजलेल्या दह्यातले जीवाणू चांगले असतात, मग दही-ताक द्यायला काय हरकत आहे? देशी गाईचं किंवा शेळीचं दूध चालेल का?

आजी, हरकत मोठी आहे. दह्यातले जीवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात. केसीन आणि इतर प्रथिनं ते ॲलर्जी टळेल इतकी तोडत नाहीत. ज्यांना लॅक्टोज पचत नाही, म्हणजे दुधाने गॅस धरतो, पोट गुरगुरतं, पातळ होतं, पण अंगावर काही उठत नाही, त्यांना दही मानवतं ते म्हणूनच. तुमच्या नातवाचा आजार प्रथिनाचा आहे. त्याला दही, ताक, पनीर, खवा, चीज सगळं दूधच. साजूक तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, ते तज्ज्ञांना विचारून.

शेळीच्या, म्हशीच्या आणि 'ए-टू' म्हणून विकल्या जाणाऱ्या देशी गाईच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तीही बाधतात. या वयाला डॉक्टर सांगतील ते प्रथिन तोडलेलं पावडरचं दूध, किंवा सोया चालत असेल तर ते. बदामाचं किंवा नारळाचं दूध दुधाची जागा भरू शकत नाही, त्यात प्रथिन आणि कॅल्शियम कमी पडतं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा पोटात जाऊ द्या.

पाकिटावर दूध, व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा. आणि हे सहसा कुणी सांगत नाही: प्रोबायोटिकच्या काही पुड्यांतही दुधाच्या प्रथिनाचा अंश असतो, कारण ते जीवाणू दुधावर वाढवलेले असतात.

धीर धरा. बहुतेक मुलांची दुधाची ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत जाते. काहींना बिस्किटात भाजलेलं दूध आधी मानवतं, पण ती पायरी घरी करून पाहायची नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची. जीवाणूंचा उपयोग या आजारात होईल का, यावर इटलीतल्या नेपल्समधल्या एका गटाने काम केलं. प्रथिन तोडलेल्या दुधात लॅक्टोबॅसिलस जीजी हा जीवाणू घातला तर १२ महिन्यांनी जवळपास ७९ टक्के मुलांना दूध मानवू लागलं. नुसत्या तोडलेल्या दुधावरच्या मुलांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. निकाल आशादायक आहे. तरी तो सगळीकडच्या नियमित उपचारांचा भाग झालेला नाही, आणि तो त्या विशिष्ट जातीचा, त्या विशिष्ट दुधासोबतचा आहे. घरच्या विरजणाला तो लावता येत नाही.

बेलापूर: कोळंबी खाल्ली की घसा खाजतो, अंगावर गांधी येतात. गेल्या महिन्यात बांगडा खाल्ल्यावर आम्हा तिघांचेही चेहरे लाल झाले, डोकं ठणकलं. सगळ्यांनाच मासळीची ॲलर्जी झाली का? पोटातल्या जीवाणूंमुळे?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोळंबीचं तुमचं वर्णन ॲलर्जीचं आहे. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कितीही शिजवलं तरी टिकतं. खेकडा, चिंबोरी, शेवंड, करंदी, जवळा, सोडे या सगळ्यांत ते जवळपास तसंच असतं, म्हणून एक बाधलं की बाकीचीही बंद ठेवून तपासणी करायची. काहींना कोळंबी उकडतानाच्या वाफेने किंवा जवळा पाखडतानाच्या धुळीनेही दम लागतो. घरातल्या धुळीतल्या माइट किड्यांत आणि झुरळांतही हे प्रथिन असतं, त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्यांत कोळंबीची चाचणी कधी कधी नुसतीच होकारार्थी येते. पापलेट, सुरमई, बोंबील यांतलं प्रथिन निराळं. ते आजवर मानवत आले असतील तर कोळंबीमुळे बंद करायचं कारण नाही.

बांगड्याच्या वेळी एकाच ताटातले तिघे एकाच वेळी आजारी पडले, यातच उत्तर आहे. ही हिस्टामिनची विषबाधा. यात जीवाणूंचा हात आहेच, पण तुमच्या पोटातल्या नव्हे, माशावरच्या. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा प्रथिनाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना राहिला की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की तळून, उकडून, गोठवून जात नाही, आणि माशाला वास येत नसला तरी ते असू शकतं. काही मिनिटांत ते एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, तोंडात तिखट चव येते. सेटिरिझिनसारख्या औषधाने बहुतेकांना आराम पडतो. दम लागला तर रुग्णालय गाठायचं. दिवाळे गावातल्या बाजारातून घ्या किंवा दारावर येणाऱ्या मावशींकडून, मासा बर्फात गाडलेला हवा, नुसता बर्फावर ठेवलेला नको. शेवटची खरेदी मासळीची करा, सोबत बर्फाची पिशवी न्या आणि घरी येताच साफ करून फ्रिजमध्ये टाका.

कळवा: रक्ताच्या एका चाचणीत ९० पदार्थ तपासून २३ पदार्थांची "ॲलर्जी" निघाली. गहू, तूरडाळ, दूध सगळं बंद केलंय. पोटातले जीवाणू सुधारतील असं सांगितलंय.

अहवालावर आयजीजी लिहिलं आहे की आयजीई, ते आधी पाहा. आयजीजी असेल तर तो अहवाल बाजूला ठेवा. ते प्रतिपिंड तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतं. आयजीई होकारार्थी असलं तरी तेवढ्याने ॲलर्जी ठरत नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या अभ्यासात चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाचं आयजीई सापडलं, आणि ॲलर्जी असण्याची खरी शक्यता होती सुमारे १.२ टक्क्यांत. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत काय झालं, ही हकीगत पहिली, चाचणी नंतर. शंका उरली तर डॉक्टरांसमोर तो पदार्थ वाढत्या मात्रेत खाऊन पाहणं ही सर्वांत भरवशाची तपासणी. आणि डाळी, गहू, भाज्या एकदम बंद केल्याने चोथा कमी होतो, म्हणजे ब्युटिरेट बनवणाऱ्या जीवाणूंचं अन्नच तुटतं. ज्याच्यासाठी हे पथ्य सांगितलं, त्याच्याच ते विरुद्ध जातं.

पनवेल: मुलीला शेंगदाण्याची पक्की ॲलर्जी आहे, वय ९. जीवाणू देऊन ती बरी करता येते का?

आज तरी नाही. मेलबर्नमध्ये शेंगदाणा अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत देण्याच्या उपचाराला प्रोबायोटिकची जोड दिली. २०१५ मधल्या पहिल्या निकालांनी मोठी आशा निर्माण केली होती. मग नुसता शेंगदाणा आणि शेंगदाणा अधिक प्रोबायोटिक अशी थेट तुलना झाली. २०२२ मध्ये आलेल्या निकालात उपचार थांबवल्यावरही शेंगदाणा सोसणाऱ्या मुलांचं प्रमाण प्रोबायोटिकसह ४६ टक्के, त्याशिवाय ५१ टक्के आणि तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या डोसवर ५ टक्के होतं. काम केलं ते शेंगदाण्याच्या वाढत्या मात्रेने. जीवाणूंनी त्या निकालात भर घातली नाही. बॉस्टनमध्ये निरोगी व्यक्तीच्या शीतले जीवाणू कॅप्सूलमधून देण्याच्या लहान चाचण्या झाल्या आहेत, पण तो अजून संशोधनाचा विषय आहे.

मात्रा वाढवण्याचा उपचार घरी करू नका. त्यात झटके येतात, विशेषतः ताप असताना, व्यायामानंतर किंवा उपाशीपोटी डोस घेतला तर. आयजीईला बांधून ठेवणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झालं. चुकून खाल्लं गेलं तर झटका सौम्य व्हावा, हा त्याचा हेतू. ते घेऊनही पथ्य सुटत नाही.

ठाणे पूर्व, शिक्षिका: वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा आहे. डब्यात काय पाहायचं, आणि झटका आला तर पहिलं काय करायचं?

आपल्या डब्यांत शेंगदाणा दिसत नाही तिथेही असतो. साबुदाण्याची खिचडी आणि चिक्की सगळ्यांना ठाऊक असते. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, थालीपिठासोबतची चटणी, वडापावाची सुकी लाल चटणी, पोह्यांवरची शेव किंवा फरसाण इथे गफलत होते. डबे वाटून खाणं त्या मुलापुरतं बंद, त्याला एकटं बसवणं मात्र नको. पाकिटबंद पदार्थांवर भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यं, कवचवाले जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोया आणि सल्फाइट यांची नोंद ठळक द्यावी लागते. तीळ, मोहरी, हरभरा या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. सुट्या फरसाणावर काहीच छापलेलं नसतं.

झटका ओळखायची खूण अशी: पित्त किंवा सूज असताना खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलटी, चक्कर किंवा एकदम मलूल होणं यांतलं काही दिसलं, की पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. ॲलर्जीच्या गोळीने खाज थांबते, श्वासनलिका उघडत नाही आणि रक्तदाब चढत नाही. मुलाला आडवं झोपवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर पाय पसरून टेकून बसवा. एकदम उभं करू नका, चालवत नेऊ नका. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत इंजेक्शन द्यायचं. गरज पडल्यास पॅन्टवरूनही चालतं. १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या औषधाची मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिली: १५ किलोला ०.१५ मिली, ३० किलो आणि पुढच्या मुलाला ०.३ मिली. मग लगेच १०८ ला फोन. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. "आधी रुग्णालयात पोहोचू, तिथे देतील," असं म्हणत घोडबंदर रोडच्या किंवा कोपरी पुलाच्या गर्दीत अडकलात तर तीच मिनिटं हातची जातात. बरं वाटलं तरी मुलाला किमान ४ ते ६ तास रुग्णालयात ठेवायचं, कारण लक्षणं परत येऊ शकतात.

परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन वापरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून पालकांनी डॉक्टरांकडून ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल (काचेची कुपी), १ मिलीची सिरिंज आणि २५ मिमीची सुई लिहून घ्यावी. किमान दोन ॲम्प्यूल हव्यात. मात्रा डॉक्टरांच्या सहीने मोठ्या अक्षरात लिहून डब्याला चिकटवा, आणि शाळेत कुणी द्यायचं ते त्यांच्याकडून शिकून, पालकांच्या लेखी संमतीने ठरवा. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिची सुई आखूड असते, स्नायूपर्यंत पोहोचत नाही, आणि तिच्यावरच्या युनिटच्या रेघा मिली समजून मात्रा चुकते. डबा अपारदर्शक असावा, २५ अंशांखाली ठेवावा, मुख्याध्यापकांच्या कुलपाच्या कपाटात नको, वर्गाजवळ मोठ्यांच्या हाताशी हवा. औषध तपकिरी किंवा गढूळ झालं असेल तर टाकून द्या. मुदत संपण्याची तारीख पालक आणि शाळा दोघांच्याही कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि सहलीला जाताना डबा बसच्या डिकीत न टाकता सोबतच्या शिक्षकांच्या पिशवीत ठेवा.